वाळूची बादली

महात्मा गांधी रोडवर, एका जिन्याखाली
माझं दुकान : अडीच फूट बाय चार.
एक भिंग, एक सोल्डरिंग गन,
आणि पायाशी वाळूने भरलेली बादली.
गिऱ्हाईक विचारतं, मांजर पाळलंय का?
मी म्हणतो, नाही, कधीकधी एखादा फोन पेटतो.

फोन उघडला की माणूस कळतो.
जाळीत बेसन म्हणजे फरसाणवाला.
स्पीकरच्या चुंबकाला लोखंडाचा कीस
म्हणजे सातपूरची लेथ.
चार्जिंगच्या भोकात गंधकाची पिवळी पूड,
हा थेट द्राक्षबागेतून आलेला.
आणि काचेच्या आत पाण्याचा ढग असला
की रामकुंड. विचारावंही लागत नाही.

पौषातली सकाळ,
निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर.
यमुनाबाई दोंदे आल्या लिलावातून तशाच,
पदराला मेथीची पानं.
पाठ फिरवून पोलक्यातून फोन काढला,
माझ्या हातावर ठेवला.
तव्यावरून उतरवल्यासारखा ऊन.

"पडदा वर आलाय बघ," म्हणाल्या.
"पर ऊब लई देतो. चार वाजता माल मांडून बसते,
शेकोटीभवती सगळे गडी, बायांना जागा न्हाई.
मंग ह्योच ठेवते छातीशी."

मागचं झाकण सोडवलं.
बॅटरी टम्म.
"फुगलीय, मावशी."
"बरं हाय की! फुगली म्हंजे शिजली."

भाकरीत वाफ असते, मी म्हणालो,
हिच्यात जे आहे त्याला
टाचणीचं टोक जरी लागलं, तर...
वाक्य पुरं नाही केलं.
प्लॅस्टिकच्या पट्टीने, श्वास धरून,
गोंदातून सोडवली, बादलीत ठेवली,
वर दोन मुठी वाळू.
त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला,
कुणाला माती देऊन झाल्यावर करतात तसा.

नवी सहाशेला. बिनकंपनीची अडीचशे.
"अडीचशेचीच टाक."
"तीच होती आत."
मग त्या खूप वेळ
नोटा मोजत राहिल्या.

जाता जाता थांबल्या :
"आमच्या गल्लीत गच्चीवर टावर बसवलाय.
बाया म्हंत्यात कॅन्सर व्हतो. खरं का रं?"
तसं काही सापडलेलं नाही, मी वाचलंय एवढंच.
मी ना डॉक्टर, ना कुणी.
मला ठाऊक आहे ते बोटभर :
उशीखाली नको. चार्जिंगला लावून बोलणं नको.
गरम झाला तर अंगाशी नको.
"आन् थंडीला?"
त्याचा स्पेअर पार्ट माझ्याकडे नाही.

रात्री हिरावाडीत, घरी.
अंगठ्याला मुंग्या, त्या सकाळपर्यंत जात नाहीत.
मान कुणा दुसऱ्याची आणून बसवल्यासारखी.
पोरगी झोपलेली, गालाखाली निळा उजेड,
बोर्डातली वायर तिच्या गळ्यापाशी.
दिवसभर जगाला सांगतो ते
उंबऱ्याच्या आत आलं की विसरतं.
हळूच पिन काढली.
ती झोपेतच म्हणाली,
"नव्व्याण्णव झालेत, पप्पा."

चार दिवसांनी यमुनाबाई परत.
काउंटरवर मेथीची जुडी, पैसे घेईनात.
"तू म्हनला तसंच केलं. अंगाला लावीत न्हाई."
मग ठेवता कुठं?
"पाटीत. भाजीवर वलं फडकं असतं ना,
त्याच्याखाली.
गारेगार ऱ्हातो."

मी भिंग डोळ्याला लावलं.
चार्जिंगच्या भोकात एक थेंब थरथरत होता,
आणि त्याच्या मागे
मेथीचं अर्धं पान.